चरबीच्या गोळ्याला हिरवा टॅग

जुबैलच्या आमच्या कॅम्पच्या गेटवर एक चरबीचा गोळा टांगलेला असायचा आणि त्या गोळ्याला हिरवा टॅग लावलेला असायचा. प्लँटवर परांची बांधून झाली की ती तपासून तिच्यावर असा टॅग लावतात. हिरवा म्हणजे चढायला हरकत नाही, लाल म्हणजे जवळही फिरकू नका. आमच्या गोळ्याच्या टॅगवर तपासणाऱ्याची सही होती, तारीख होती, वैधता 'सूर्यास्तापर्यंत' होती आणि 'कमाल भार' या रकान्यात निळ्या शाईने लिहिलेलं होतं, 'एका वेळी चार चिमण्या किंवा दोन बुलबुल'.

पाचवी चिमणी आली तर काय करायचं, असं मी एकदा विचारलं. तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"टाळी वाजवायची. एक उडते. चार राहतात."

यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

तात्या म्हणजे वामन पालशेतकर, आमच्या कॅम्पचे सेफ्टी ऑफिसर. गाव गुहागरकडचं, वय छप्पन्न, सौदीत बावीस वर्षं. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, मूळचा सांगलीचा, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव 'सांगलीकर'. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव त्यांना ठाऊक असावं, पण ते वापरायची त्यांना कधी गरज पडली नाही. आमचा कॅम्प म्हणजे पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात काम करणाऱ्या नव्वदेक एकट्या पुरुषांचं बिऱ्हाड. पत्र्याच्या खोल्या, एक मेस, एक लाँड्री, एक गेट. सकाळी दोन बस आम्हाला भरून नेतात आणि संध्याकाळी आणून ओततात. तात्यांचं काम मात्र कॅम्पातच. मी हे लिहायला बसलोय ते या माणसाविषयीच्या कृतज्ञतेपोटी. पण त्यांच्याबद्दल न हसता लिहिणं मला तरी जमायचं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तात्यांचा आवडता प्रश्न, "कागद कुठाय?" शुक्रवारी केस कापायला येणाऱ्या न्हाव्याला त्यांनी हा प्रश्न विचारला आहे. मेसमधल्या नव्या मिक्सरला विचारला आहे. एकदा आमच्या खोलीत एकाच्या वाढदिवसाला आम्ही केक आणला आणि त्यावर मेणबत्त्या लावणार, इतक्यात तात्या दारात. उघडी ज्योत म्हणजे हॉट वर्क. हॉट वर्कला परमिट लागतं. परमिट भरून झालं, दोघांच्या सह्या झाल्या, खोलीतले टॉवेल आणि वर्तमानपत्रं हलवली गेली, आणि तात्या स्वतः अग्निशामक नळकांडं हातात धरून केकजवळ उभे राहिले. त्याच अवस्थेत त्यांनी आमच्याबरोबर टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. फुंकर मारून झाल्यावरही अर्धा तास तिथेच थांबले, कारण हॉट वर्कनंतर ठिणगी कुठे धुमसत नाही ना, ते अर्धा तास बघायचं असतं. त्या अर्ध्या तासात त्यांना केकचा तुकडा द्यायचं कुणालाच सुचलं नाही, आणि केकमध्ये अंडं आहे म्हणून त्यांनी तो खाल्लाही नसता.

कारण तात्या माळकरी. शर्टाच्या आत तुळशीची माळ, मेसमध्ये वरण-भात, दही आणि भेंडी. मटणाच्या दिवशी मेसच्या दारातून आत न येता खिडकीतून ताट घेणार. बावीस वर्षं त्यांनी हे पाळलं. कुणाला नावं ठेवली नाहीत, कुणाला उपदेश केला नाही. फक्त खिडकी.

पाखरांचा नाद जुना. गेटच्या खांबाला एक लोखंडी पत्र्याची फळी जोडलेली होती, तिच्यावर पाण्याचं मातीचं भांडं आणि मूठभर बाजरी. हे अकरा वर्षं चाललं होतं. भांड्याखाली 'फरशी ओली आहे' अशी पिवळी पाटीसुद्धा होती, ती चिमण्यांसाठी की आमच्यासाठी हे मी विचारलं नाही. सकाळ-संध्याकाळ तात्या तिथे. ब्रशने भांडं घासणार, पाणी बदलणार, नटबोल्ट आवळणार. "नशिबावर सोडू नका, नटबोल्टावर सोडा," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य.

चरबीच्या गोळ्याचं प्रकरण सुरू झालं ते एका स्कॉटिश साहेबामुळे. क्लायंटकडचा हा म्हातारा साहेब निवृत्त होऊन घरी निघाला, तेव्हा त्याने तात्यांना निरोपाची भेट म्हणून स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक स्टीलची जाळी दिली आणि सोबत एक पानी माहितीपत्रक. त्यांच्याकडे थंडीत पाखरांसाठी चरबीत दाणे मिसळून त्याचे गोळे करतात आणि असे टांगून ठेवतात. पाखरांना चरबीची ऊब पुरते. तात्यांनी ते पत्रक इतकं वाचलं की घडीवर फाटलं, मग त्याला प्लास्टिकचं आवरण करून आणलं.

नोव्हेंबर संपत आला, हवेतला जाळ गेला, आणि एका शुक्रवारी सकाळी नाश्त्यानंतर तात्यांनी आम्हाला मेससमोर उभं केलं. प्लँटवर काम सुरू करण्याआधी घेतात तशी टूलबॉक्स मीटिंग. विषय, पाखरांना सुरक्षित खाणं.

"मिठाचा कण नाय पाहिजे. तुमची कबसा, बिर्याणी, चिप्स, सगळं बंद. एवढंसं त्यांचं काळीज, मीठ सोसवत नाय. खारे शेंगदाणे दिसले तर मी जप्त करीन."

मागून कुणीतरी विचारलं, "और अचार, तात्या?"

"प्लास्टिकच्या जाळीत गोळा टांगायचा नाय. नख अडकतं, पाय मोडतो, जीभ पण अडकते. म्हणून हे स्टील. आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवायचं. बुरशी धरली की फेकायचं. हात लावण्याआधी ग्लोव्ह, लावल्यावर साबण. आणि उकाडा सुरू झाला की गोळा बंद. मग फक्त पाणी."

आम्ही माना डोलावल्या आणि हजेरीच्या कागदावर सह्या केल्या. तो कागद आजही त्यांच्या फायलीत आहे. दोन दिवसांनी एका हौशी वेल्डरने कांद्याच्या लाल जाळीत पावाचे तुकडे भरून खिडकीला टांगले, तर तात्यांनी ती जाळी कात्रीने बारीक बारीक कापली. मग त्या पठ्ठ्याला पुन्हा एकट्यालाच उभं करून सगळी मीटिंग पहिल्यापासून घेतली.

एवढं सगळं पाळणाऱ्या या माणसाने स्वतः एक घोळ घातला.

पत्रकात साफ लिहिलेलं होतं, घट्ट चरबी घ्यावी. म्हणजे बकऱ्याच्या किंवा बैलाच्या गुरद्याभोवतीची. आता माळकरी माणूस बकऱ्याच्या गुरद्याजवळ जाणार कसा? तात्यांनी मेसमधून वनस्पती तुपाचा डबा घेतला. पांढरं, घट्ट, दिसायला तंतोतंत तेच. बाजरी, ओट्स आणि बिनमिठाच्या शेंगदाण्याचं कूट घालून त्यांनी असे सुबक गोळे वळले की दिवाळीच्या फराळात खपून गेले असते. कंत्राटाच्या कामात 'किंवा समकक्ष' असा एक शब्द असतो. अमुक दर्जाचा पाइप वापरा किंवा समकक्ष. या एका शब्दाच्या आडोशाने ठेकेदार काय काय खपवतात ते पकडण्यात तात्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आणि इथे त्यांनी स्वतःच समकक्ष माल खपवला.

पहिले काही दिवस ढगाळ होते, निभावलं. मग एका दुपारी लख्ख ऊन पडलं. गेट पश्चिमेला तोंड करून, फळी लोखंडाची, शेजारी कंपनीच्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या. तूप मऊ झालं, जाळीतून फळीवर ओघळलं. एक बुलबुल त्यात उतरला आणि छाती, पंख, सगळं माखून बसला. आमची बस आली तेव्हा तो खांबाच्या तळाशी फडफडत होता. उडता येत नव्हतं त्याला. तात्या त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले होते, आणि त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं.

"सांगलीकर," ते म्हणाले, "माझ्याकडून झालं हे."

मग दोन दिवस तात्यांनी रजा काढली. ताप अंगावर काढून काम करणारा हा माणूस, त्याने अर्जात कारण लिहिलं, 'पेशंटजवळ थांबणे'. ऑफिसातल्या क्लार्कने विचारलं, कुठलं हॉस्पिटल? तात्यांनी लिहिलं, 'खोली क्रमांक चौदा'. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून त्यांनी त्या बुलबुलाचं एकेक पीस कापसाने पुसलं, मग साध्या पाण्याने पुन्हा. मी पाण्याची भांडी धरून होतो. बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, आत मऊ फडकं, वर मंद दिवा, आणि खोक्यावर पाटी, 'विश्रांती कक्ष, आवाज करू नये'. खोलीतल्या तिघांना त्यांनी कुजबुजत बोलायला लावलं. कॅम्पातल्या नव्वद माणसांना जाता-येता एकच चौकशी होती, कसा आहे? पत्ते खेळणारेसुद्धा हळू आवाजात भांडत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बुलबुल खोक्यातून निघाला, खोलीत दोन चकरा मारल्या, तात्यांच्या कॉटवर घाण केली आणि दारातून गेला. तात्या कितीतरी वेळ ती चादर न बदलता बघत बसले होते.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकतात. अपघाताचा चौकशी अहवाल भरला, स्वतःवर. जखमीचे नाव, 'बुलबुल, गाल पांढरे'. हुद्दा, 'पाहुणा'. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, त्याचा क्रमांक, 'नाही'. हेल्मेट घातले होते का? 'डोके काळे आहे, पण ते हेल्मेट नव्हे.' आणि मूळ कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'सेफ्टी ऑफिसरने सांगितलेला माल बदलला. कुणाला विचारले नाही. त्यामागे स्वतःचे सोवळे.'

उपाययोजना लगेच अमलात आली. पुढच्या शुक्रवारी मला घेऊन तात्या बाजारात हसनमियाँच्या दुकानात गेले. हसनमियाँ श्रीवर्धनचे, पंचवीस वर्षं इथे खाटिक. तात्या दुकानात शिरले ते कोपरापर्यंत ग्लोव्ह, नाकावर गॅसचा मास्क आणि डोळ्यांवर गॉगल अशा थाटात.

"काय तात्या," हसनमियाँ सुरी खाली ठेवत म्हणाले, "माझ्या दुकानात गॅस फुटलाय काय?"

"गुरद्याची चरबी दे," मास्कमधून आवाज आला. "शेपटीची नको. ती मऊ असते, वितळते."

"आरे वा! खात नाय, पण पारख हाय!" मग त्यांची नजर तात्यांच्या गळ्याकडे गेली. "माळ घालून बकऱ्याची चरबी नेताय. तुमचा देव रागावणार नाय ना?"

तात्यांनी माळ शर्टाच्या आत सारली. "मी सोवळा ऱ्हायलो नि पाखरू मेलं असतं. मग रागावला असता."

हसनमियाँनी चांगली पांढरीशुभ्र, घट्ट चरबी निवडून काढली, स्वच्छ धुऊन बांधून दिली, आणि म्हणाले, "दर जुम्म्याला काढून ठेवतो. पाखरांच्या पुण्यात आम्हाला पण वाटा द्या." निघताना दोघांनी एकमेकांचे हात धरले, एकाच्या हातात ग्लोव्ह आणि दुसऱ्याच्या हाताला रक्त. मला ते दृश्य विसरता येत नाही.

लाँड्रीमागे इलेक्ट्रिक शेगडीवर चरबी वितळू लागली. तात्या हातभर लांब पळी घेऊन, चेहऱ्यावर वेल्डरची काच ओढून ढवळत होते. तोंडाने नामस्मरण. दर पाच मिनिटांनी मान वळवून दीर्घ श्वास. गाळून, दाणे मिसळून गोळे वळले, मेसच्या फ्रीजमध्ये ठेवले, डब्यावर लिहिलं, 'खाण्यासाठी नाही (माणसांच्या)'. मग डोक्यावरून आंघोळ. हे दर शुक्रवारी. आणि खरंच, तो गोळा उन्हात टिकला. हाताला लावला तर मेणासारखा कोरडा.

अहवालावर साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. सही करायला मी पेन काढलं आणि आधी वाचलं, कारण हे मला तात्यांनीच शिकवलेलं. एक रकाना मोकळा होता. 'ठिकाण योग्य होते का?'

"तात्या, हे राहिलं."

"ते ऱ्हाऊ दे."

"पण जागाच चुकीची आहे ना. पश्चिमेचं ऊन, लोखंडी फळी, गाड्यांचा धूर. आणि परवा एक चिमणी बसच्या काचेवर आपटता आपटता वाचली. लाँड्रीमागे बोरीचं झाड आहे, सावली आहे, शांत आहे. तिकडे हलवू. अर्धवट कागदावर मी सही कशी करू?"

मला वाटलं होतं, शिष्याने गुरूला पकडलं म्हणून ते खूश होतील. तात्यांचा चेहरा उतरला. मग चढला.

"गोळा गेटवरच ऱ्हाणार. तुला काय कळतंय? सही करायची तर कर, नायतर चालता हो."

मी चालता झालो. कॅम्पभर बातमी पसरली की तात्या स्वतःचा नियम मोडतायत. कुणी म्हणालं, गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाहवा करावी म्हणून. कुणी म्हणालं, वय झालं. मीही फणकाऱ्यात होतो, त्यामुळे दोन्हीला मान डोलावली. चार दिवस आम्ही बोललो नाही. या चार दिवसांत पाखरांची काळजी करणारा माणूस पाखरांना धोक्याच्या जागी का ठेवतोय, हे मला काही केल्या उमगत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी बसमध्ये चढताना पाहिलं, तात्या स्टुलावर उभे राहून फळीचे नटबोल्ट सोडवत होते. अकरा वर्षांचे गंजलेले बोल्ट, एकेक काढायला त्यांना जोर लागत होता. संध्याकाळी माझ्या उशीवर अहवाल होता. मोकळ्या रकान्यात एकच शब्द, 'नाही'. मी सही केली.

बोरीखाली तर पाखरांची जत्रा भरली. बुलबुल, चिमण्या, साळुंक्या, शेपटी हलवत जमिनीवरचे कण टिपणारे धोबी. तात्यांनी खूश व्हायला हवं होतं. पण संध्याकाळ झाली की ते झाडाखाली नसायचे. ते गेटवर असायचे, रिकाम्या खांबाजवळ, हातात पाना घेऊन. खांबाला आता एकही बोल्ट नव्हता. बाजूलाच पाटी होती, 'गेटजवळ विनाकाम उभे राहू नये', आणि तिच्याखाली सही तात्यांचीच. कॅम्पचा मॅनेजर मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कडक माणूस. त्याने दोनदा हटकल्याचं आम्ही ऐकलं. तिसऱ्यांदा लेखी ताकीद देईन म्हणाला होता. तात्यांना आयुष्यात कधी लेखी मिळालेलं नव्हतं.

गेटवरचा वॉचमन रफीक बांगलादेशचा. शेवटी मी त्यालाच विचारलं, की तात्यांचं बिनसलंय काय? इथे काय करतात रोज?

"गिनता है," रफीक म्हणाला.

"क्या गिनता है? चिड़िया तो उधर गई."

"चिड़िया नहीं, भाई. तुम लोग को. बस से उतरता है ना, एक एक गिनता. इतना साल से. पानी का बर्तन धोता था, और गिनता था."

मी म्हणालो, मोजायचं काम मशीनचं आहे, बसमध्ये चढताना आम्ही कार्ड लावतो. रफीक माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागला.

"मशीन तुमको गिना था उस दिन? जुलाई में?"

गेल्या जुलैतली गोष्ट. मी कंप्रेसरच्या शेडमागे एक ट्रान्समीटर बघत होतो, उष्म्याने चक्कर आली आणि तिथेच पडलो. सुट्टी झाली, बस निघाली. माझं कार्ड त्या दिवशी माझ्या खिशात नव्हतंच. रांग टाळायला आम्ही सहा जण आपापली कार्डं एकाकडे द्यायचो, तो सगळी एकदम लावायचा. त्याला वाटलं मी मागच्या सीटवर झोपलोय. मशीनच्या हिशेबी मी बसमध्ये होतो. तासाभराने प्लँटच्या गस्तवाल्याने मला शोधून काढलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. मी त्या गस्तवाल्याला खजुराचा मोठा डबा नेऊन दिला होता. त्याने तो घेतला, पण जरा गोंधळून.

"वो अपने से थोड़े ढूँढा," रफीक म्हणाला. "तात्या इधर बोला, एक कम है. ड्राइवर बोला, मशीन ठीक है, खलास. तात्या नहीं माना. दोनों बस में चढ़ के देखा, सब का कमरा देखा. फिर मेरा फोन ले के प्लांट को फोन किया. इतना चिल्लाया, इतना चिल्लाया. मैं पहली बार उसको चिल्लाते देखा."

रफीकने मला त्याच्या बाटलीतलं पाणी दिलं.

"पहले वाली कंपनी में एक आदमी टाकी में रह गया था," तो हळू आवाजात म्हणाला. "बस आ गया, वो नहीं आया. तात्या तब कमरे में चाय पी रहा था. बस, इतना ही बताया मेरे को. किसी को बोलना मत बोला."

मी कबूल करतो, तिथे गेटवर उभं राहून मी रडलो. अकरा वर्षं या माणसाने गेटवर उभं राहायला काहीतरी काम हवं म्हणून एक पाण्याचं भांडं घासलं. त्याच्या आडून आमच्यातल्या प्रत्येकाला रोज परत आलेलं पाहिलं. मग त्याच पाखरांवर जीव जडला, आणि पाखरांसाठी उभं राहायचं कारणही आपल्या हाताने सोडून दिलं. आणि ते सोडायला लावणारा मी.

मी सरळ मॅनेजरच्या ऑफिसात गेलो. रफीकने तात्यांना दिलेला शब्द मी मोडला. जुलैचं सगळं सांगितलं, कार्डांचं आमचं लबाडीचं प्रकरणही सांगितलं, त्याची जी शिक्षा असेल ती द्या म्हणालो. मिसरी साहेबाने पेन्सिलने आमची सहा नावं लिहून घेतली. मग म्हणाला, कार्डाबद्दल तुम्हा सहा जणांना लेखी मिळेल. तात्यांबद्दल एक शब्दही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा गेटजवळ मेसमधली एक खुर्ची आणून ठेवलेली होती आणि 'विनाकाम उभे राहू नये' ही पाटी तिथे नव्हती.

संध्याकाळी बस परतली. मी मुद्दाम मधल्या रांगेत बसलो होतो, काय बोलायचं त्याची दिवसभर जुळवाजुळव केली होती. दारातून पाहिलं, तात्या खुर्चीच्या शेजारी उभे, हात मागे बांधलेले, पाना नाही, ब्रश नाही, काही नाही. ओठ हलत होते. मी उतरलो आणि त्यांच्यासमोर जाऊन थांबलो.

"तात्या, त्या जुलैत तुम्ही जर..."

"एकतीस," तात्या म्हणाले. माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला बाजूला केलं, पण हात काढला नाही. नजर माझ्या मागच्या माणसावर होती. "बोलू नको. अजून बारा जण उतरायचेत."

शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी त्यांच्या हाताखाली तसाच उभा राहिलो.